राहिलेल्या कामांची वही

आज पिकाची नोंद नाही, वहीची नोंद हाय. वाचायला थोडी लांब आहे, पण मृगाच्या आधी दोन-चार दिवस हाताशी असतात तेव्हा वाचून घ्या.

'बॅकलॉग' हा शब्द आपल्याकडं दोन ठिकाणी ऐकू येतो. नांदेडला किंवा लातूरला इंजिनिअरिंगला टाकलेलं पोरगं खाली मान घालून सांगतं, "दोन विषयांचा बॅकलॉग हाय." आणि दुसरा आपल्या मराठवाड्याचा, ज्याला सरकारी भाषेत अनुशेष म्हणतात. 1983 साली वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तिनं रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने असं एकेक क्षेत्र घेऊन कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागं आहे ते मोजलं. 1984 ला अहवाल आला, सगळ्या राज्याचा अनुशेष सुमारे 3,186 कोटी निघाला. तेव्हापासून आपण हा शब्द भाषणात ऐकत आलो. दोन्हीकडं अर्थ एकच, मागं पडलेलं, जरा लाजेचं.

माझा थोरला पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. त्यांच्यात बॅकलॉग म्हणजे लाजेची गोष्ट नाही. उलट ज्या टीमकडं नीट बॅकलॉग नाही तिला अडाणी समजतात. दिवाळीला आला तेव्हा मी त्याला खोदून खोदून विचारलं, कारण त्या वेळेला आमच्या घरात याच गोष्टीवरून तोंडं वाकडी झाली होती. ते पुढं सांगतो.

त्यानं सांगितलं ते माझ्या भाषेत असं. एखादी वस्तू बनवायची, समजा मोबाईलमधलं ॲप, तर तिच्यात जे जे करायचं राहिलंय त्याची एकच यादी ठेवायची. एकच. आणि ती नुसती यादी नाही, क्रमानं लावलेली यादी. सगळ्यात वर जे आहे ते आधी. दोन कामं एकाच नंबरवर बसत नाहीत. यादीचा धनी एकच माणूस, त्याला ते 'प्रॉडक्ट ओनर' म्हणतात. सूचना कुणीही करावी, क्रम त्यानं लावावा. आणि यादी कधी पुरी होत नाही, जोवर वस्तू चालू आहे तोवर यादी चालू.

ही पद्धत कुठून आली तेही विचारलं. 1986 साली ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी एक लेख लिहिला, त्यात रग्बी खेळातल्या टीमचा दाखला होता. पुढं अमेरिकेत जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांनी 1995 ला 'स्क्रम' नावानं पद्धत मांडली. 2001 च्या फेब्रुवारीत युटा राज्यात 17 जण एकत्र बसले आणि ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यातली एक गोष्ट मला पटली: ठरवलेल्या आराखड्याला चिकटून बसण्यापेक्षा बदलाला तोंड देणं महत्त्वाचं. कोरडवाहू शेतकऱ्याला हे शिकवायची गरज नाही. पाऊस आपल्याला दरसाल शिकवतोच.

पण मंडळी, कामं आधी शोधून, मोजून, क्रमानं लावून ठेवायची ही रीत आपल्याकडं सॉफ्टवेअरच्या आधीपासून आहे. 1972 च्या दुष्काळात आमच्या बापानं रोजगार हमीवर खडी फोडली, नालाबांधाची माती वाहिली, सुकडी खाल्ली. वि. स. पागे यांच्या विचारातून ती योजना उभी राहिली आणि 1977 ला तिचा कायदा झाला. त्यात एक शब्द आहे, जुन्या ग्रामसेवकाला विचारा, तो सांगंल: 'शेल्फ'. तालुक्यात कोणती कामं करायची ती आधीच पाहणी करून, अंदाजपत्रक करून, मंजुरी घेऊन शेल्फवर ठेवायची. मजुरानं काम मागितलं की पंधरा दिवसांत द्यायचं, म्हणून काम तयारच पाहिजे. दुष्काळ पडल्यावर मग मोजमाप करायला निघाले तर मजूर उपाशी मरंल.

हीच तर बॅकलॉगची गोष्ट. वरचं काम हात घालण्याइतकं तयार पाहिजे.

2018 पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला, आपल्याकडं त्याला पोकरा म्हणतात. त्यातही गावात शिवार फेरी, पाण्याचा ताळेबंद, मग सूक्ष्म नियोजन आराखडा. ज्या गावानं आराखडा कपाटात न ठेवता दरसाल काढून बघितला त्याला तो उपयोगी. ज्यानं कपाटात ठेवला त्याचा कागद झाला. यादी करणं सोपं, यादी जिती ठेवणं अवघड. म्हणून ही नोंद.

आता घरचं सांगतो.

आमचं रान लोहा आणि अहमदपूरच्या मधे, हमरस्त्यापासून आत. आम्ही दोघं भाऊ एकत्र, अकरा एकर. त्यातलं चार एकर वढ्याकाठचं, खोल काळं. पाऊस जास्त झाला की चिबडतं. मागचं साल तुम्हाला माहीत आहे. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात पाणी गावात शिरलं, लष्कर बोलवावं लागलं. सप्टेंबरात पुन्हा सगळ्या मराठवाड्यावर पाऊस कोसळला. आमच्या माणसा-जनावराला काही झालं नाही, देवाची कृपा. पण वढ्याकाठचं चार एकर सोयाबीन उभ्या पाण्यात कुजलं. बाकी सात एकराची बनीम झाकून झाकून वाचवली, 31 क्विंटल रास झाली. हमीभाव 5,328, बाजारात भाव त्याच्या बराच खाली. उधारी देऊन, हरभऱ्याचं बी-खत बाजूला काढून हातात राहिले 62 हजार.

आणि करायची कामं? लिहून काढली तर 37 निघाली.

धाकट्याचं म्हणणं, बोअर घ्यायचा. "दादा, पाणी असल्याबिगर शेतीत काय खरं हाय? 62 मधी थोडं उचलून घालू." बोअर, केसिंग, मोटर, वायर धरून दीड लाखाचं काम. माझं म्हणणं, वढ्याकाठच्या रानातून पाणी बाहेर काढायचा चर. तो म्हणला, पाणी पायजे तिथं तुम्ही पाणी हाकलायच्या गोष्टी करू लालाव. बोलणं वाढत गेलं. एक दिवस त्याच्या तोंडून "मग तुमचं तुम्ही, माझं मी" असं निघालं. बापानं ठेवलेलं रान, आजवर बांध पडला नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

थोरला आला तेव्हा त्यानं भांडण सोडवलं नाही, वही काढली. म्हणला, "अण्णा, तुम्ही दोघं कामावर भांडत नाही, क्रमावर भांडताव. क्रम कशावर ठरवायचा ते आधी ठरवा."

त्याप्रमाणं जे बसवलं ते लिहितो. ज्याला जमंल त्यानं घ्यावं.

पहिलं, वही एकच. डोक्यातली कामं, मोबाईलमधली, भिंतीवर खडूनं लिहिलेली, सगळी एका वहीत. दोनशे पानी, रेघी. आमची आखाड्यावर खुंटीला टांगलेली असते. कुणालाही कधीही शेवटच्या पानावर नवीन काम लिहायला मोकळीक. सालगड्यालाही. त्याला लिहिता येत नाही, तो सांगतो, पुतणी लिहिते.

दुसरं, काम लिहिताना तीन गोष्टी: कुणाला, काय, कशासाठी. त्यांच्यात याला 'युजर स्टोरी' म्हणतात. आधी आमच्या यादीत होतं, 'गोठ्यात बल्ब.' घरच्यांनी सांगितलं ते पुतणीनं असं लिहिलं: 'पहाटे दूध काढणाऱ्या बाईला उजेड पाहिजे, पायाखाली इंचू-काटा दिसावा म्हणून.' वाचल्याबरोबर फरक कळला. बल्ब वर टांगून भागत नव्हतं, उजेड खाली पडायला पाहिजे होता आणि लाईट गेल्यावरही पाहिजे होता. बॅटरीचा दिवा बसवला, नऊशे रुपये, एका दुपारचं काम. 'कशासाठी' लिहिलं की काम कधी कधी स्वस्तात होतं.

तिसरं, वरची कामं बारीक, खालची ढोबळ. खाली 'संत्रीची बाग' एवढंच लिहिलं तरी चालतं, ती कधी होईल न होईल. पण वरचं काम उद्या सकाळी उठून करता येईल इतकं फोडायचं. 'वढ्याकाठचं रान सुधारणे' हे काम नाही, हे स्वप्न आहे. ते फोडलं: एक, खालच्या शेजाऱ्याशी बोलणे, कारण पाणी त्याच्या बांधाकडून वढ्यात जाणार. दोन, पाण्याच्या नळीनं उतार बघणे. तीन, फक्की टाकून रेघ मारणे. चार, जेसीबीनं चर. पाच, तोंडाला दगड पिचिंग, म्हणजे वढ्याची कड खचू नये. यातलं पहिलं काम फुकटचं, पण ते झाल्याबिगर बाकीची चार होत नाहीत. आमची माणसं जेसीबीवाल्याला आधी फोन लावतात आणि शेजाऱ्याला मागून विचारतात. तिथंच बांधाची भांडणं होतात.

चौथं, 'झालं' म्हणजे काय ते आधीच लिहायचं. ही त्यांची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. 'बियाणं तयार' म्हणजे काय? आमच्या वहीत लिहिलंय: घरचं सोयाबीन चाळून झालं, शंभर दाणे मोजून गोणपाटात ओले ठेवले, सत्तरच्या वर उगवले, आणि बीजप्रक्रियेचं औषध व जिवाणू खत घरात आलं. चारही झाल्याबिगर टिक नाही. 'मोटर दुरुस्त' म्हणजे शेवटच्या स्प्रिंकलरला तासभर दाब टिकला. नाहीतर मेकॅनिक म्हणतो झालं, आणि आपण रात्री दोनला रानात.

पाचवं, क्रम लावताना प्रत्येक कामाला तीन प्रश्न. नाही केलं तर काय बुडतं? कोणत्या तारखेच्या आत केलं पाहिजे? आत्ता हातात असलेल्या पैशात आणि माणसात ते पुरं होतं का? अर्धवट काम म्हणजे पैसा मातीत. अर्धा खोदलेला चर पाणी काढत नाही, उलट साठवतो.

हे तीन प्रश्न बोअरला आणि चराला लावले. बोअर या साली नाही घेतला तर काय बुडतं? पाऊस दणकून झालेला, विहिरीला पाणी, हरभरा ओलीवर निघतो. फायदा हुकतो, पण हातचं जात नाही. चर नाही काढला तर? पुन्हा जास्त पाऊस झाला तर चार एकर पुन्हा हातचं जातं. तारीख? चर मृगाच्या आत, रान कोरडं आहे तोवर. बोअर कधीही. पैसा? चर 62 हजारांत बसतो, बोअर बसत नाही.

धाकटा गप्प बसला, पण राजी झाला नाही. त्याला वाटलं त्याचं काम वहीत गाडलं. मग थोरल्यानं बोअरचंही काम फोडलं. त्यातला पहिला तुकडा: 'आसपासच्या तीन बोअरची खोली आणि पाणी कधीपर्यंत टिकतं ते विचारून लिहिणे.' खर्च शून्य. धाकट्यानंच ते केलं. दोन बोअर मार्चनंतर गुळण्या टाकतात, एक उन्हाळाभर चालतो. म्हणजे बोअर घ्यावा का नाही हे काही ठरलं नाही. पण 'दादा ऐकत नाहीत' हे मात्र बंद झालं. आज बोअर चौथ्या नंबरवर आहे, पुढच्या दिवाळीनंतर बघायचा, आणि तो नंबर धाकट्यानं स्वतःच्या हातानं लिहिलाय. वाटणीचा शब्द पुन्हा निघाला नाही. पुढं कधी निघणारच नाही असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की कामाच्या क्रमावरून निघू नये.

सहावं, धनी एकच, पण मुका धनी नको. क्रम मी लावतो. पण एखादं काम खाली टाकलं तर का टाकलं ते सगळ्यांसमोर बोलायचं आणि बाजूला एका ओळीत लिहायचं. घरात भांडणं 'नाही' म्हणल्यानं होत नाहीत, कारण न सांगता 'नाही' म्हणल्यानं होतात.

सातवं, वही कधी बघायची. त्यांच्यात 'स्प्रिंट' असतो. महिन्याच्या आतला ठरीव काळ, बहुतेक ठिकाणी दोन आठवडे. त्या काळात वरची थोडी कामं घ्यायची, पुरी करायची, मग बसून यादी पुन्हा लावायची. मी थोरल्याला म्हणलं, अरे हे तर आपलं नक्षत्र! मृग 7-8 जूनला निघतो, आर्द्रा 21-22 ला, पुनर्वसू 5-6 जुलैला, मग पुष्य, आश्लेषा, मघा. तेरा-चौदा दिवसांचं एकेक. आपल्या बाप-आज्यानं पावसाळा दोन-दोन आठवड्यांत कापून ठेवलाच होता आणि प्रत्येक तुकड्याला त्याचं काम ठरलेलं होतं. त्यामुळं आम्ही पावसाळ्यात नक्षत्र बदललं की संध्याकाळी वही घेऊन बसतो. अर्धा तास, जास्त नाही. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा.

पण एक फरक सांगितला पाहिजे. पुण्यात एकदा स्प्रिंट चालू झाला की मधे काम बदलायला कुरकुर करतात. शेतात वाफसा आला की वही बाजूला. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडून चांगली ओल झाली की पेरणी सगळ्याच्या वर, मग गोठ्याचं पत्र्याचं काम अर्धं राहिलं तरी राहू द्या. वाफसा दोन-तीन दिवस थांबतो, पत्रा थांबतो वर्षभर. म्हणून आम्ही वहीच्या पहिल्या पानावर 'पावसानं आणली की करायची कामं' वेगळी लिहिली आहेत: पेरणी, कोळपणी, फवारणी. त्यांना नंबर नाही. ती आली की तीच पहिली. बाकीची यादी ही उरलेल्या दिवसांची. ज्यांना कंपनीची पद्धत जशीच्या तशी उचलायची आहे त्यांनी हे ध्यानात ठेवा.

आठवं, खोडायचं. वर्षातून एकदा येळवशीला. त्या दिवशी सगळं घर रानात असतंच, भज्जी-आंबील होतं, पाहुणे असतात. जेवण झाल्यावर वही वाचायची आणि जे काम दोन येळवशी झाल्या तरी वर सरकलं नाही त्याच्यावर काट मारायची. खरंच गरजेचं असंल तर ते पुन्हा लिहायला कुणीतरी येतंच. मागच्या येळवशीला 37 मधली नऊ कामं खोडली. त्यात माझं शेततळंही गेलं. आमच्या रानात त्याला जागाच नाही, कितीदा मोजलं तरी. खोडताना जीव तुटला, पण वही हलकी झाली. चाळीस कामं बघून माणूस खचतो, सहा बघून उठतो.

कृषी सहायक आणि कृषी विद्यार्थी हे पान वाचतात म्हणून त्यांना एक विनंती. शेतकऱ्याला शिफारशी देताना एकदम वीस गोष्टी देऊ नका. बीबीएफनं पेरा, बीजप्रक्रिया करा, आंतरपीक घ्या, माती तपासा, सापळे लावा, सगळं खरं आहे. पण त्याच्या रानात, त्याच्या पैशात या साली पहिली कोणती आणि दुसरी कोणती, हे त्याच्याजवळ बसून लावून द्या. शिफारस म्हणजे यादी, सल्ला म्हणजे क्रम.

आणि मराठवाड्याच्या अनुशेषाबद्दलही मला आता तेच वाटतं. किती मागं आहोत ते मोजून झालं, पुन्हा पुन्हा झालं. मोजणं हे काम चालू करण्यासाठी असतं. आधी कोणतं, का, आणि ते झालं हे कशावरून ओळखायचं, हे गावानं ग्रामसभेत स्वतः लिहिलं तर मागणीला धार येते. नुसतं 'अन्याय झाला' म्हणून कुणी चर काढून देत नाही.

आमच्या चराचं सांगून थांबतो. शेजाऱ्यानं हो म्हणायला तीन चकरा लावल्या. त्याची एक अट होती की त्याच्या बांधाच्या बाजूला दगड पिचिंग आधी करायचं, मग चर. रास्त होती. वहीत पाचवा तुकडा चौथ्याच्या वर गेला. एप्रिलच्या शेवटी जेसीबी साडेसहा तास चालला. सगळे मिळून 19 हजार गेले. उरलेल्यातून स्प्रिंकलरचे फुटके पाईप बदलले आणि बियाण्याची तयारी झाली, घरचं सोयाबीन शंभरात 81 उगवलं.

चराच्या ओळीपुढं मात्र अजून टिक केलेली नाही. 'झालं' म्हणजे काय ते आम्ही असं लिहिलंय: 'पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वढ्याकाठच्या रानात पाणी उभं नसलं पाहिजे.' मृग आठवड्यावर आला आहे. पेन वहीला दोऱ्यानं बांधून ठेवलाय. पाऊस झाला की दुसऱ्या सकाळी धाकटा जाऊन बघणार आणि टिक करायची का नाही ते तोच ठरवणार.

तुमच्या वहीत सगळ्यात वर काय आहे ते कळवा.